सॅन फ्रान्सिस्कोच्या यादीत सोलिंग आंटी

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सोलिंग आंटींनी मला गाठलं. "व्हर्ना, मंगळवारी दुपारी किती रिकाम्या?"

मी होनोलुलूच्या विमानतळावर गेटवर काम करते, आंटी तिथूनच निवृत्त झालेल्या; आमच्यात हा प्रश्न तब्येत विचारावी तसा विचारतात. विमान कंपनीत काम करणाऱ्यांना आणि तिथून निवृत्त झालेल्यांना प्रवास जवळजवळ फुकट असतो, पण तिकीटवाले सगळे बसून जागा उरली तर. म्हणून कुठे जायचं हे आम्ही नंतर ठरवतो, आधी रिकाम्या जागा बघतो. मी फोन काढून पाहिलं. होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्को, दुपारी एक दहाचं विमान.

"एकोणीस."

"एकोणीस? मग तर मी पाय पसरून झोपून जाईन," आंटी म्हणाल्या. "तरी सोमवारपासूनच यादीत उभी राहते. बुधवारचं काम आहे, उगाच छातीत धडधड नको."

बुधवारचं काम मलाच काय, आमच्या सगळ्या चर्चला ठाऊक होतं. आंटींची मुलगी रोवेना कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहायची. ती नशेच्या पायी वाहवत गेली आणि तिची पोर, चार वर्षांची मायली, सरकारी खात्यानं एका कुटुंबाकडे सांभाळायला दिली. त्याला चौदा महिने झाले होते. कुटुंब चांगलं होतं, तीच तर पंचाईत होती. त्यांना आता मायली दत्तक हवी होती. आंटींनीही तिच्यासाठी अर्ज केला होता. दोनदा त्या न्यायाधीशांशी फोनवरून बोलल्या. दुसऱ्या खेपेला न्यायाधीश म्हणाले, आजीबाई, नुसत्या आवाजाच्या हाती मी मूल देत नाही, पुढच्या तारखेला समोर या. ती तारीख म्हणजे हा बुधवार, सकाळी साडेआठ. आंटींच्या वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं की या वेळी दिसला नाहीत तर निकाल लागला असं समजा.

होनोलुलूतल्या कालिही भागातल्या घरी आंटींनी मागची खोली पिवळी रंगवली होती. खिडकीला जाळी, छताला धुराची घंटा, बुटका पलंग. घर तपासायला आलेल्या माणसानं सगळं ठीक म्हणून सही दिली होती आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, असा आंटींच्या हातातल्या बॅगेत होता.

एवढं महत्त्वाचं होतं तर तिकीट का नाही काढलं, असं कोणीही विचारेल. नंतर मीही स्वतःला विचारलं. पण एकतीस वर्षं गेटवर काढलेल्या बाईला ते सुचत नाही. एकोणीस रिकाम्या दिसत असताना तिकीट काढणं म्हणजे आमच्या लेखी स्वतःच्या घराला भाडं भरणं. त्याच रविवारी संध्याकाळी दुसऱ्या एका कंपनीनं दोन दिवसांची विमानं रद्द केली. शाळांच्या सुट्ट्या लागलेल्या. त्यांचे सगळे प्रवासी आमच्याकडे वळवले गेले. सोमवार उजाडेपर्यंत एकोणीसच्या दोन उरल्या, आणि नऊ वाजता आंटींनी पहिल्यांदाच तिकीट विकत घ्यायला फोन केला तेव्हा त्याही गेल्या होत्या; गुरुवारच्या आधी कुठल्याच कंपनीकडे कसलंच तिकीट नव्हतं.

तर उरली ती यादी.

यादीचा क्रम असा. घरात कोणी अत्यवस्थ असेल किंवा गेलं असेल तर ते पहिले. मग नोकरीत असलेले आणि त्यांची बायकामुलं. मग निवृत्त. प्रत्येक गटात ज्याची चेक-इनची वेळ आधीची तो पुढे. या विमानात जागा नाही मिळाली तर त्याच गावाच्या पुढच्या विमानाच्या यादीत नाव आपोआप जातं आणि वेळ तीच राहते. गाव बदललं तर मात्र जुनी वेळ गेली, नवी लागते. पूर्वी आमच्या जुन्या कंपनीत नोकरीच्या वर्षांवर यादी लागायची आणि निवृत्तांची वर्षं त्यांच्याबरोबर चालत यायची. मोठ्या कंपनीनं आमची कंपनी घेतली तेव्हा ते गेलं. निवृत्तांनी पत्रं लिहिली. उत्तर आलं की तुमच्या सेवेबद्दल आम्हाला आदर आहे.

सोमवारी दोन विमानं गेली. आंटी पायात बंद बूट घालून, कारण आमच्या फुकट प्रवासाच्या पासवर चप्पल चालत नाही, गेटपासून चार खुर्च्या लांब बसल्या होत्या. काउंटरजवळ घुटमळायचं नाही, हेही त्यांनीच मला शिकवलेलं. शेजारी अंकल क्लिफर्ड नाकासोने आणि त्यांची बायको जॅनिस. अंकल चौतीस वर्षं विमानं दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांच्या भावाचा ऐंशीवा वाढदिवस शनिवारी होता. समोर केहाउ नावाची मुलगी, फोनवर बुकिंग घेणारी, मांडीवर मुसुबीचा, म्हणजे शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या वड्यांचा, डबा घेऊन बसलेली. ती मित्राबरोबर गाण्याच्या कार्यक्रमाला निघाली होती आणि यादीत या तिघांच्याही वर होती.

"किती वर्षं झाली तुला नोकरीत?" अंकलनी विचारलं.

"वर्षं नाही अंकल, अडीच महिने."

"अडीच महिने. माझ्या पान्यावरचा गंजसुद्धा तुझ्यापेक्षा जुना आहे."

"म्हणून तर पान्यासकट घरी बसवलं तुम्हाला." केहाउनं डबा पुढे केला. "घ्या. आणि रागावू नका. तुम्हाला रोजच रविवार. मला जूनपर्यंत हे चारच दिवस. आज गेला तो गेला."

"आम्ही घाम गाळला तो कुठे गेला मग?"

"पगार घेतलात ना घामाचा?"

"ऐका हिचं," अंकल म्हणाले, पण मुसुबी घेतली.

आंटी हसल्या. "तिचं चूक नाही क्लिफर्ड. रोवेना तान्ही होती तेव्हा मी हेच बोलायचे. सुट्टी मिळायची आठ दिवस, त्यातले तीन गेटवर, आणि समोरून म्हातारे ऐटीत आत जायचे. कामावरच्यांना आधी सोडा असा आम्ही अर्ज केला होता. सह्या गोळा करत मीच फिरले."

"म्हणजे ती तू होतीस?"

"मीच. तेव्हा कोणी ऐकलं नाही. ऐकलं ते मी निवृत्त झाल्यावर."

जॅनिस आंटींना इतकं हसू आलं की त्यांनी गुडघा धरला. त्यांचा गुडघा दुखरा होता. फ्रेस्नोचं मात्र आंटी केहाउसमोर बोलल्या नाहीत. गेटवर कोणी आपलं कारण सांगत नाही. सांगितलं की बाकीच्यांना आपापलं कारण तोलत बसावं लागतं.

सोमवारी दोन्ही विमानांत मिळून पाच जागा उरल्या. पाचही नोकरीवाल्यांना गेल्या. निवृत्तांत आंटी पहिल्या होत्या, तरी तिथवर कोणी पोचलंच नाही.

आता माझं सांगते. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते. त्या वर्षी मी नेम धरला होता की रोज दुपारी बारा वाजायच्या आत कोणाला तरी न मागता एक मदत करायची आणि ती बोलून दाखवायची नाही. लहानसा नेम. कोणाची बॅग उचल, कोणाला आपली खुर्ची दे. मंगळवारी मी नऊ वाजता कामावर आले तेव्हा सकाळचं सॅन फ्रान्सिस्को आंटींना न घेता गेलं होतं. एक दहाचं उरलं. रात्री एक होतं, पण ते पहाटे पोचतं आणि तिथून फ्रेस्नो साडेतीन तासांचा रस्ता. साडेआठ गाठता आले नसते. एक दहाला गेल्या असत्या तर त्यांचा भाचा रात्री गाडी घेऊन उभा राहणार होता.

मी यादी पाहिली. तिकीट काढूनही न येणाऱ्यांच्या जागा त्याच दिवशी मोकळ्या दिसू लागतात; त्या विकत मिळत नाहीत, यादीलाच जातात. एक दहाच्या विमानात पाच रिकाम्या, आणि आंटींच्या वर नोकरीतले बारा. मग मी लॉस एंजेलिस पाहिलं. अकरा वीसचं विमान. नऊ रिकाम्या, यादीत चार जण. लॉस एंजेलिसहून फ्रेस्नो चार तास. माझ्या मनात आलं, आजची मदत हीच.

कोणाला कुठल्या यादीत उभं राहायचं ते आम्ही गेटवाले सांगत नाही. नियम लिहिलेला नाही, पण मला आंटींनीच शिकवला होता: तू सांगितलंस आणि चुकलं तर ते ओझं तुझं होतं, पोरी. मी जाऊन त्यांच्या कानाशी वाकले.

"आंटी, लॉस एंजेलिसला जा. नऊ रिकाम्या आहेत, पुढे फक्त चार."

"माझी वेळ जाईल गं. कालपासूनची आहे."

"इथे वेळ असून काय करता? पुढे बारा आहेत, जागा पाच."

त्या म्हणाल्या, "तू रोज बघतेस. मला आता काय कळतं." आणि बॅग उचलून त्या लॉस एंजेलिसच्या गेटकडे गेल्या. माझ्या मनाला इतकं बरं वाटलं की मी जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता जपमाळेचं एक दशक, दहा मण्यांची प्रार्थना, तिथेच उभ्या उभ्या म्हटलं.

दहा चाळीसला लॉस एंजेलिसचं विमान बदललं. मोठ्या विमानात तेलगळती सापडली आणि त्याच्या जागी लहान लावलं. तिकीट काढलेलेच अठरा जण खाली राहिले. यादी पुकारलीच नाही. आंटी परत आल्या आणि मी त्यांना पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या यादीत घातलं. यंत्रानं नवी वेळ लावली, दहा बावन्न. निवृत्तांत आता पहिले क्लिफर्ड, दुसऱ्या जॅनिस, तिसऱ्या सोलिंग दुमलाओ.

"असू दे," आंटी म्हणाल्या. "तशाही पाचच आहेत."

पण पाच राहिल्या नाहीत. साडेबाराला एका विमानसेविकेचं पाच जणांचं कुटुंब कंटाळून यादीतून नावं काढून पोरांना घेऊन समुद्रावर गेलं. बाराचे सात झाले. कवाई बेटाहून येणारं विमान उशिरा उतरणार होतं, त्यातले चार तिकीटवाले पोचणार नव्हते. पाचाच्या नऊ झाल्या. मी आकडे पडद्यावर बघत होते आणि नवातून सात गेले की किती राहतात हे मला कळत होतं. सकाळी मी तोंड उघडलं नसतं तर त्या दोनांतली पहिली जागा आंटींची असती.

माझा साहेब ड्वेन ओशिरो आला. त्यालाही आंटींनीच काम शिकवलेलं. त्यानं आंटींना काउंटरच्या कडेला बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"आंटी, कोणी आजारी आहे का?"

"कोण?"

"कोणीही. तुम्ही नुसतं हो म्हणा. मी तुम्हाला वरच्या गटात टाकतो. कागद आठवड्यानं मागतात, तेव्हाचं तेव्हा बघू."

माझी बोटं कळफलकावरच होती. वरच्या गटाची दोन अक्षरं टाकायची होती. आंटी विचारात असतानाच मी ती टाकू शकले असते आणि ड्वेननं पाहिलं नसतं.

"नातीला मधूनमधून ताप येतो म्हणे," आंटी शेवटी म्हणाल्या. मग मान हलवली. "नको ड्वेन. उद्या न्यायाधीशानं विचारलं, आजीबाई, कुठेच जागा नव्हती, मग तुम्ही कशा आलात? काय सांगू? खोटं बोलून आले, आता मूल द्या?"

"कोण विचारतंय असं?"

"मी न्यायाधीश असते तर विचारलं असतं."

ड्वेन माझ्याकडे बघून निघून गेला. मी बोटं उचलली. पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की आंटी नको म्हणाल्या म्हणून मी थांबले. पण त्या बोलायच्या आधीही मी थांबलेच होते, आणि ते पापाच्या भीतीनं नव्हे. खोट्या कारणासाठी मागच्या वर्षी एकीचा पास जन्माचा गेला होता.

पाऊण वाजता मी नावं पुकारायला लागले. नोकरीतले सात. केहाउ आणि तिचा मित्र त्यांतच होते; जाता जाता तिनं अंकलना म्हटलं, "वरून हात दाखवते हं." मग मी म्हटलं, "नाकासोने, दोन."

अंकल उठले. जॅनिस आंटी उठल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. त्यांनी सोलिंग आंटींकडे पाहिलं. बुधवारचं त्यांना माहीत होतं. दोघी दर शुक्रवारी एकाच टेबलावर बिंगो खेळायच्या.

"क्लिफर्ड, तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी उद्या येते. सोलिंगला बसू दे."

"उद्या? उद्या अशीच रांग आहे. गुडघा घेऊन एकटी बसणार तू इथे?"

"बसेन की."

"आणि घरी? किल्ली दिली शेजाऱ्यांना, ते गेले माउईला." अंकलचा आवाज चढला नाही. ते आंटींकडे बघत नव्हते, बुटांकडे बघत होते. "दोन दिवस झाले जॅनिस. आपलं नाव आलंय."

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांनी रांग मोडली नव्हती. नाव आलं होतं ते त्यांचंच.

माझ्या हातात माईक होता. यादीतल्या कोणाला जागा सोडा म्हणणं आम्हाला बंद आहे. पण माईक खाली ठेवून, व्हर्ना म्हणून, कालिहीतल्या त्याच चर्चची बाई म्हणून मला म्हणता आलं असतं की अंकल, तुम्ही एकटे जा, आंटी जॅनिस आज माझ्या घरी राहतील. माझ्या घरी रिकामी खोली आहे. हे मला त्या वेळी सुचलं नाही. रात्री भांडी घासताना सुचलं.

"जा जॅनिस," सोलिंग आंटी म्हणाल्या. "उशीर करू नका. एकाच्या पायी दोन जागा रिकाम्या जातील. व्हर्नाला बोल लागेल."

जॅनिस आंटींनी त्यांचा हात धरला, सोडला, आणि लंगडत आत गेल्या. मी दोन मिनिटं दार उघडं ठेवलं. कोणी परत येईल असं वाटत होतं. कोणी आलं नाही.

"व्हर्ना, दार," ड्वेन म्हणाला.

मी दार लावलं.

बुधवारी पहाटे साडेपाचला, म्हणजे फ्रेस्नोत साडेआठला, मी आंटींच्या स्वयंपाकघरात होते. फोन टेबलावर मध्ये, त्याच्या बाजूला तो तपासनिसाचा कागद. न्यायाधीशांनी विचारलं, आजी आल्या का? वकीलबाई म्हणाल्या, फोनवर आहेत. का नाही आल्या? आंटींनी खरं ते सांगितलं.

"एकतीस वर्षं विमान कंपनीत होतात आणि जागा मिळाली नाही?" ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"नाही मिळाली, साहेब. माझ्या पुढे लोक होते."

सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मायली आहे तिथेच राहणार, दत्तकाचं काम पुढे चालणार. ते पुरं होईतो आजीनं महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी दहा ते बारा, सरकारी कचेरीत भेटावं. आंटी थँक्यू म्हणाल्या. फोन ठेवल्यावर कागद घडी घालून पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत ठेवली आणि मला कॉफी विचारली.

मी म्हटलं, "आंटी, काल मी तुम्हाला हलवलं नसतं तर..."

"मला मोजता येतं, व्हर्ना," त्या म्हणाल्या. "दूध घालू का?"

त्या वेळी त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तिकिटाचं सुचत होतं. मी म्हटलं, एप्रिलचं मी काढून देते. त्या ऐकेनात. स्वतः काढायला वर्षभर पुरेल एवढं वकिलाचं देणं अंगावर होतं, आणि माझं घेतलं तर मंगळवारची चूक मी पैशानं फेडल्यासारखं त्यांना वाटलं असतं. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारसाठी त्या गुरुवारपासून यादीत उभ्या राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं विमान त्यांना न घेता गेलं. कचेरीत मायलीला सांगून ठेवलेलं होतं. ती चित्र काढून घेऊन आली आणि पूर्ण दोन तास दाराकडे तोंड करून बसली, असं तिथल्या बाईनं फोनवर सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं, पोर किती गुणी आहे म्हणून. मे महिन्यात आंटी पोचल्या. मायलीनं त्यांना एकच विचारलं, तू मागच्या वेळी का नाही आलीस? जूनमध्ये पुन्हा जागा नाही. या वेळी आंटींनी आधीच कळवलं होतं की पोरीला काही सांगू नका. म्हणून ती बसली नाही.

जुलैत दत्तकाची सही झाली. ऑगस्टच्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर आंटींनी पायऱ्यांवर मला एक पत्र दिलं. त्या कुटुंबातल्या बाईचं होतं, सुवाच्य अक्षरात. लिहिलं होतं की आता तारखेचं बंधन नाही, तुम्ही मायलीच्या आजी आहात, केव्हाही या, आमच्याकडेच राहा. फक्त एक दिवस आधी नक्की कळवा म्हणजे तिला सांगून ठेवता येईल. ती फार वाट बघते.

मी ते दोनदा वाचलं.

"काय लिहू त्यांना?" आंटींनी विचारलं.

"लिहा ना, येत्या शनिवारी येते."

"आणि आदल्या संध्याकाळी मला न घेता गेटचं दार लागलं की?"

आंटींनी पत्र परत घेतलं, घडी घातली. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला, कारण शेवटची पायरी उंच आहे. अजून त्यांनी त्या पत्राचं उत्तर लिहिलेलं नाही.